मुलांच्या हट्टापायी घरात कुत्रा आला, आता आई-बाबांच्या आयुष्यात काय काय बदलतं?

"तुम्ही काहीच करू नका. सगळं मी करीन. सकाळी मीच उठीन, मीच फिरवीन, शीपण मीच उचलीन."

घरात कुत्रा आणायचा की नाही, हा वाद बहुतेक घरांत याच वाक्यांनी सुरू होतो. आधी वाढदिवसाचं निमित्त असतं, मग परीक्षेतल्या मार्कांचं. कधी पावसात भिजलेलं पिल्लू थेट जिन्यात येऊन बसतं आणि मग विषयच संपतो. आई-बाबा कधीतरी हो म्हणतात.

महिन्याभराने चित्र जवळपास सगळीकडे सारखंच दिसतं. सकाळी सहा वाजता सोसायटीच्या गेटबाहेर एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात जुना पेपर घेऊन आई नाहीतर बाबा उभे असतात. ज्याने हट्ट केला, ते पोर वर गाढ झोपलेलं असतं.

यात मुलाने फसवलं, असं नसतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला 'रोज' या शब्दाचा अर्थ मोठ्यांना कळतो तसा कळत नाही. पण कुत्र्याला जेवण, फिरणं, औषध आणि माणसाचा सहवास रोजच लागतो. त्यामुळे घरात कुत्रा आल्यावर पालकांच्या दिवसात, खिशात आणि घरातल्या नात्यांत नेमकं काय बदलतं, ते आधीच समजून घेतलेलं बरं.

कुत्रा नेमका कोणाचा?

आधी साधा हिशोब करू. कुत्र्याचं सरासरी आयुष्य १० ते १३ वर्षांचं असतं. लहान चणीचे कुत्रे त्याहून जास्त जगतात, खूप मोठ्या चणीचे कमी. मूल आठ वर्षांचं असताना पिल्लू आलं, तर मुलाच्या दहावीच्या वर्षी तो सात वर्षांचा असेल. मूल शिकायला बाहेरगावी जाईल तेव्हा कुत्रा म्हातारपणाकडे झुकलेला असेल. त्याचे गुडघे धरतील, दिसणं कमी होईल, औषधं सुरू होतील. तेव्हा घरात आई-बाबाच असतील.

आता वेळेचा हिशोब. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवणं, दोन वेळचं जेवण आणि भांडी यांसाठी पंधरा मिनिटं, केस झाडणं आणि पुसापुशीसाठी आणखी पंधरा मिनिटं धरली, तर दिवसाला दीड तास होतो. वर्षाचे साधारण ५४७ तास. ऑफिसच्या आठ तासांच्या हिशोबाने हे ६८ दिवसांचं काम आहे. आजारपण, दवाखाना, आंघोळ यांचा वेळ यात धरलेला नाही.

हे काम कोणाच्या वाट्याला येणार, हे कोणी ठरवलं नाही तर ते आपोआप त्या व्यक्तीकडे जातं, जी घरातली बाकीची 'न दिसणारी' कामं करते. बऱ्याच घरांत ती व्यक्ती म्हणजे आई. डबा, अभ्यास, शाळेचा ग्रुप, सासूबाईंच्या गोळ्या आणि त्यात आता कुत्र्याच्या लसीची तारीख. म्हणून कुत्रा आणण्याआधी मुलापेक्षा आई आणि बाबा या दोघांनी एकमेकांशी बोलणं जास्त गरजेचं आहे. मुलाची मदत ही मदत म्हणून धरावी, जबाबदारी मोठ्यांचीच समजावी. ज्या घरात हे आधी ठरतं, तिथे पुढची भांडणं कमी होतात.

पहिले तीन महिने: पुन्हा एकदा तान्हं बाळ

पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण ही झोप तुकड्या-तुकड्यांची असते. रात्री दोनला उठून ते कुईकुई करतं, कारण ते पहिल्यांदाच आईपासून आणि भावंडांपासून वेगळं झोपत असतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ रोखून धरता येत नाही. त्यामुळे झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावं लागतं. चुकलं म्हणून त्याचं नाक लघवीत घासणं किंवा मारणं याचा उपयोग होत नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे करायला लागतं.

साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ दात येतात. हिरड्या शिवशिवतात. चप्पल, चार्जरची वायर, कंपासपेटी, टेबलाचा पाय असं समोर येईल ते चावलं जातं. मुलांच्या पोटऱ्या आणि बोटंही त्यातून सुटत नाहीत. मूल किंचाळून पळतं, पिल्लाला तो खेळ वाटतो आणि ते आणखी मागे लागतं. अशा वेळी मुलाने 'झाड' व्हायचं: हात पोटाशी घट्ट, पाय स्थिर, आवाज बंद. समोरून काहीच प्रतिसाद आला नाही की पिल्लाचा त्यातला रस संपतो.

या काळात कितीतरी पालकांना वाटतं, 'आपण चूक केली.' रडू येतं, चिडचिड होते आणि एवढ्याशा जीवावर चिडल्याचा अपराधीपणाही वाटतो. या अवस्थेला इंग्रजीत 'पपी ब्लूज' म्हणतात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर अभ्यास करून २०२४ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. चिंता, वैताग आणि थकवा ही त्यांना दिसलेली मुख्य लक्षणं. बहुतेकांच्या बाबतीत पिल्लू मोठं होतं तसा हा काळ सरतो. रात्रीची पाळी दोघांनी वाटून घेतली, तर तो बराच सुसह्य होतो.

आठव्या महिन्यात घरात दुसरा 'टीनएजर'

पिल्लू 'बस' म्हटल्यावर बसायला लागतं, शी-शूची सवय लागते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. नेमकं तेव्हाच ते पुन्हा ऐकेनासं होतं.

ब्रिटनमधल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०२० मध्ये 'बायोलॉजी लेटर्स' या नियतकालिकात आला होता. साधारण आठ महिन्यांचे, म्हणजे वयात येणारे कुत्रे त्यांना सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकतात, पण अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात, असं त्यात दिसलं. पौगंडावस्थेतल्या मुलांच्या पालकांना हे वर्णन फारच ओळखीचं वाटेल. घरी तोंड वर करून बोलणारं पोर शेजारच्या काकूंकडे एकदम गुणी असतं, तसंच हे.

घरातली माणसं बहुतेक याच टप्प्यावर कंटाळतात. 'हा सुधारणारच नाही' असं ठरवून त्याला गॅलरीत बांधून ठेवतात. खरं तर ही अवस्था तात्पुरती असते. फिरवणं वाढवणं, नियम तेच ठेवणं आणि मारझोड न करणं, एवढं केलं तरी वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत कुत्रा ताळ्यावर येतो. मादी असेल तर साधारण सहा महिन्यांनंतर ती माजावर येऊ शकते. नसबंदी कधी करायची, हे पशुवैद्याशी याच सुमारास बोलून घ्यावं.

मूल आणि कुत्रा: कुठे सगळ्यात जास्त जपावं लागतं?

'आमचा कुत्रा कधीच चावणार नाही' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पण लहान मुलांना होणारे चावे फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांचे नसतात. घरातल्या किंवा ओळखीच्या कुत्र्याकडूनही मुलांना दुखापत होते. बरेचदा जखम चेहऱ्यावर किंवा मानेजवळ होते, कारण मुलाचं तोंड कुत्र्याच्या उंचीवरच असतं.

असं होण्याआधी कुत्रा बहुतेक वेळा इशारा देतो, पण तो माणसाला वाचता येत नाही. झोप आलेली नसताना जांभई देणं, सारखे ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ करणं, शेपूट पोटाखाली घेणं हे सगळे 'मला हे नकोय' असं सांगायचे मार्ग आहेत. सोशल मीडियावर व्हायरल होणाऱ्या 'क्यूट' व्हिडिओंमध्येही हे इशारे अनेकदा दिसतात. मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलेलं असतं आणि कुत्रा मान वळवून जीभ फिरवत असतो. खाली हजारो लाइक्स असतात.

गुरगुरणं हा शेवटचा इशारा. गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारलं, तर तो गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. म्हणून गुरगुरला की मुलाला शांतपणे बाजूला घ्यायचं आणि त्याला कशाचा त्रास झाला, ते शोधायचं.

घरात काही नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत.

- पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही. दोन मिनिटांसाठीही नाही.
- कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना किंवा त्याच्या तोंडात काही असताना त्याला हात लावायचा नाही.
- गळ्यात पडणं, अंगावर बसणं, शेपूट किंवा कान ओढणं बंद.
- कुत्र्याला स्वतःची एक जागा द्यायची. तो तिथे गेला की मुलांनी त्याच्या मागे जायचं नाही.
- जवळ घ्यायचं असेल तर त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. आला नाही, तर त्याचा नकार मान्य करायचा.

शेवटचा नियम मुलांसाठी मोठा धडा ठरतो. समोरच्याचं 'नाही' शब्दांशिवाय ओळखायला ती इथेच शिकतात.

चावलं किंवा नख लागलं तर?

इथे उशीर चालत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटनांमागे कुत्र्यांकडून झालेला संसर्ग असतो, आणि त्याची झळ लहान मुलांना मोठ्या प्रमाणात बसते.

पहिलं काम म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं. घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, तिखट, चुना, तेल, कॉफी यातलं काहीही लावायचं नाही. त्यानंतर लगेच दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयांमध्ये ही लस मिळते.

नुसतं खरचटलं असेल तरी लस लागते. त्वचा फाटून रक्त आलं असेल, किंवा कुत्र्याची लाळ डोळ्यात, तोंडात किंवा उघड्या जखमेवर गेली असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही द्यावं लागतं. लसीचे डोस ठरलेल्या दिवशीच घ्यावे लागतात. दंडाच्या स्नायूत दिली जाणारी लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, तर त्वचेत दिली जाणारी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. कोणती द्यायची, ते डॉक्टर ठरवतात. 'घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे' म्हणून परस्पर निर्णय घेऊ नये. त्याचं लसीकरण कार्ड सोबत न्यावं आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवावं.

आणखी एक गोष्ट. कुत्र्याने ओरबाडलं हे मुलं लपवतात, कारण 'आई त्याला परत देऊन टाकेल' अशी भीती त्यांना वाटते. म्हणून पहिल्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगावं, 'काहीही लागलं तर सांगायचं. कोणी तुला रागावणार नाही, आणि त्यालाही कुठे सोडणार नाही.' या एका वाक्याने जीव वाचू शकतो.

लसी, जंत आणि गोचीड

पिल्लाच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे दोन मोठे शत्रू. त्यांची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. पुढचे डोस पशुवैद्य कार्डावर लिहून देतात. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरचे कुत्रे जिथे शी-शू करतात, तिथे पिल्लाला खाली सोडू नये. त्याला कडेवर घेऊन बाहेरचं जग दाखवायला मात्र हरकत नाही, उलट ते करावंच. तीन महिन्यांपर्यंतच्या वयात पिल्लू रिक्षा, पाऊस, कुकरची शिट्टी, छोटी मुलं असं जे जे बघतं, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते.

जंतांचं औषध हा विषय पालकांनी हलका घेऊ नये. अनेक पिल्लांना गोल जंत आईकडूनच मिळतात. त्यांची अंडी शीतून मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात जाऊ शकतात. ताज्या शीतल्या अंड्यांमुळे लगेच संसर्ग होत नाही, त्यांना तयार व्हायला काही दिवस-आठवडे लागतात. म्हणून शी लगेच उचलणं हा निव्वळ शिष्टाचार उरत नाही, आपल्याच मुलांची तब्येत त्यावर अवलंबून असते. कुत्र्याला हात लावल्यावर जेवणाआधी हात धुण्याची सवयही याचसाठी.

पावसाळ्यात गोचीड आणि पिसवा वाढतात. गोचिडांमुळे कुत्र्याला गंभीर ताप येऊ शकतो. फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत आणि पोटाखाली बघावं. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका कुत्र्यालाही असतो आणि माणसालाही. त्याची लस कुत्र्यांसाठी मिळते.

मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलावं. 'या जातीने ॲलर्जी होतच नाही' असं सांगून पिल्लं विकली जातात. पण ॲलर्जी फक्त केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या त्वचेचा कोंडा आणि लाळ यांमुळेही होते, आणि ती प्रत्येक कुत्र्याला असते. ओळखीच्या ज्या घरात कुत्रा आहे, तिथे मुलाला चार-पाच वेळा नेऊन पाहणं हा साधा मार्ग आहे.

स्वयंपाकघराचे नवे नियम

'आम्ही खातो तेच तो खातो' हे कौतुकाने सांगितलं जातं. पण माणसाला चालणाऱ्या काही गोष्टी कुत्र्यासाठी विष असतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुके-बेदाणे, कांदा, लसूण हे त्यात येतं. म्हणजे प्रसादाचा शिरा, फोडणीची भाजी आणि वाढदिवसाचा केक हे तिन्ही बाद. काही शुगर-फ्री च्युइंगम आणि गोळ्यांमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तोही घातक. चिकनची शिजवलेली हाडं टोकदार तुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा वाढत नाही, आणि मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दूध पचतही नाही.

शाळेचं दप्तर जमिनीवर ठेवायची सवय इथे महाग पडू शकते. डब्यातला उरलेला केक, खिशातलं चॉकलेट याचा वास कुत्र्याला दुरून येतो. तसंच माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेननेही त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आजी, मावशी आणि सोसायटी

कुत्रा चौघांच्या घरात येत नाही. आजी-आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी, शेजारी आणि वॉचमनकाका यांच्याही आयुष्यात येतो.

आजींचा आक्षेप बहुतेकदा देवघराचा आणि सोवळ्याचा असतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तशी जाळी लावली, तर दोघांचाही मान राहतो. दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. पायात घोटाळणाऱ्या पिल्लामुळे वयस्कर माणूस पडू शकतो. कामाच्या मावशींना कुत्र्याची भीती वाटत असेल, तर 'काही करत नाही तो' म्हणून भागत नाही. त्या येण्याच्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवणं हे घरच्यांचं काम आहे.

सोसायटीचा प्रश्न वेगळा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्था पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, अगदी बहुमताने ठराव केला तरीही. लिफ्ट वापरायला बंदी करणंही त्यात बसत नाही. पण त्याच सूचनांमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांनाही सांगितलं आहे की सामाईक जागेत पट्टा लावावा, शी उचलावी, इतरांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी करारात काय लिहिलं आहे, ते आधी बघावं. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांच्या हद्दीत कुत्रा पाळायला परवानाही काढावा लागतो. त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो.

आपल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मोठ्या कुत्र्याचा पट्टा दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन त्याला एकट्याला खाली पाठवणं, हे कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं नाही.

सुट्टी, गाव आणि दिवाळी

पूर्वी शनिवारी सकाळी ठरवून दुपारी निघता यायचं. आता पहिला प्रश्न येतो, 'याला कुठे ठेवायचं?'

रेल्वेने न्यायचं असेल तर एसी फर्स्ट क्लासची दोन किंवा चार बर्थची अख्खी केबिन आपल्या नावावर असावी लागते. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून न्यावं लागतं. स्लीपर, एसी टू-टियर आणि थ्री-टियरमध्ये परवानगी नाही. त्यामुळे गणपतीला कोकणात जाणारं कुटुंब एकतर स्वतःची गाडी काढतं किंवा कोणीतरी एक जण मागे राहतो. कुत्र्यांना ठेवून घेणारी बोर्डिंग आहेत, पण दिवाळी आणि मे महिन्यात ती आधीच भरतात. भरवशाचं दुसरं घर शोधून ठेवणं, आणि त्यांच्या अडचणीला आपण उभं राहणं, हा जुना शेजारधर्म इथे उपयोगी पडतो.

दिवाळीत फटाक्यांचा प्रश्न असतो. माणसाला ऐकू न येणारे उच्च कंपनाचे आवाजही कुत्र्याला ऐकू येतात, आणि अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने तो सैरभैर होतो. त्या संध्याकाळी त्याला लवकर फिरवून आणावं, खिडक्या बंद करून पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा, गळ्यात फोन नंबर असलेला पट्टा असावा. फटाक्याच्या आवाजाने घाबरून पळालेले कुत्रे दरवर्षी हरवतात. ज्या घरात कुत्रा असतो, तिथली मुलं फटाके कमी करायला स्वतःहून तयार होतात, हाही अनेक पालकांचा अनुभव.

मुलांनी कोणत्या वयात काय करावं?

- पाच वर्षांपर्यंत: फक्त मोठ्यांसोबत बसून हळूच हात फिरवणं.
- सहा ते नऊ: पाण्याचं भांडं भरणं, कॅलेंडरवर जंताच्या औषधाची तारीख लिहिणं, मोठ्यांच्या देखत केस विंचरणं.
- दहा ते तेरा: जेवण मोजून देणं, 'बस', 'थांब' शिकवणं, फिरायला सोबत जाणं, शी उचलायला शिकणं.
- चौदाच्या पुढे: कुत्रा मुलाला आवरत असेल आणि ताकदीने झेपत असेल, तरच एकट्याने फिरवणं.

एखादं काम मुलाने केलं नाही, तर शिक्षा म्हणून कुत्र्याचं जेवण थांबत नसतं. ते मोठ्यांनी करायचं आणि मुलाशी नंतर बोलायचं. 'केलं नाहीस तर देऊन टाकू' ही धमकी तर अजिबात देऊ नये. त्यातून मूल एवढंच शिकतं की घरातल्या जिवाला कधीही बाहेर काढता येतं.

नाहीच जमलं तर?

कधी बदली होते, आजारपण येतं, कुत्रा आणि बाळ यांचं जमत नाही. अशा वेळी कुत्र्यासाठी दुसरं चांगलं घर शोधणं यात लाज नाही. ज्या प्राणीमित्र संस्थेकडून आणला तिला आधी कळवावं. पण त्याला गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून येणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही आणि तिथले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत राहू देत नाहीत.

म्हणून निवड करतानाच थोडं थांबावं. दोन खोल्यांच्या घरात आणि मुंबईच्या दमट उन्हाळ्यात हस्की आणण्यात त्याचे हाल आहेत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाड्यात श्वास घ्यायला त्रास होतो. आपल्या हवेला सरावलेलं देशी पिल्लू दत्तक घेणं अनेक घरांना जास्त सोयीचं पडतं. विकत घ्यायचंच असेल, तर नोंदणी असलेल्या ब्रीडरकडूनच घ्यावं. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.

मग एवढं सगळं करून मिळतं काय?

जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं त्यांना आढळलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करतं, तेच हे संप्रेरक.

पालकांना मात्र हे प्रयोगशाळेशिवायही दिसतं. शाळेत काय झालं, हे आई-बाबांना न सांगणारं मूल कुत्र्याच्या कानात सगळं सांगतं. ऑफिसातून वैतागून आलेल्या बाबांचं दार उघडताच इतक्या आनंदाने स्वागत करणारं घरात दुसरं कोणी नसतं. वयात आलेली मुलगी आणि तिची आई एरवी एकमेकींशी जेमतेम बोलतात, पण रात्री कुत्र्याला फिरवताना अर्धा तास शेजारी-शेजारी चालतात आणि गप्पा आपोआप सुरू होतात.

आणि एक दिवस तो जातो. अनेक मुलांच्या आयुष्यातला हा पहिला मृत्यू असतो. तेव्हा 'तो झोपला' किंवा 'त्याला शेतावर पाठवलं' असं सांगू नये. लहान मुलं झोपेला घाबरायला लागतात, मोठ्या मुलांना खोटं कळतं. 'तो म्हातारा झाला होता, आजारी होता, आणि वारला. आपल्या सगळ्यांनाच वाईट वाटतंय' एवढं सरळ सांगितलं, मुलाला निरोप घेऊ दिला आणि आई-बाबाही त्याच्यासमोर रडले, तरी चालतं.

हट्ट करताना 'सगळं मी करीन' म्हणणारं ते पोर तोवर कदाचित हॉस्टेलवर असेल. घरी फोन केला की आधी 'तो कसा आहे?' विचारेल आणि मग 'तुम्ही कसे आहात?' सकाळी सहा वाजता पट्टा हातात घेऊन गेटबाहेर उभ्या राहिलेल्या आई-बाबांना तोपर्यंत त्या वेळेची इतकी सवय झालेली असते की तो गेल्यावरही कित्येक दिवस त्यांना सहाच्या ठोक्याला जाग येत राहते.